तेलाचा माग

नाणेघाटाच्या माथ्यावर उभें राहून खालीं कोंकणाकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. सातवाहनांच्या काळीं कल्याणच्या बाजूनें जुन्नरास येणारा माल या खडकांत खोदलेल्या वाटेनें वर चढे. परंतु ही वाट चाकाची नव्हे. पायऱ्यापायऱ्यांच्या त्या चढणीवर ओझ्याच्या बैलाचा खूर टिकतो, गाडीचें चाक टिकत नाहीं. माथ्यावरच्या लेण्यांत नागनिका राणीचा लेख आहे, पाण्याच्या पोढी आहेत, आणि लोक ज्यास जकातीचा रांजण म्हणतात तो दगडी रांजणही तेथेंच आहे. चाक आणि चाकाबरोबर येणारें तेल यांची हकीकत सुरू होते ती या माथ्याच्या पूर्वेस, कुकडी आणि मीना यांच्या खोऱ्यांत.

तेलाची साक्ष मात्र शिलालेखांतही आहे. जुन्नरच्या डोंगरांतील लेखांतून धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणी भेटतात. एका लेखांत करंजाच्या झाडांचा उल्लेख येतो. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा एक लेख आहे. त्यांत ‘तिलपिषक’ म्हणजे तेली, आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे, अभ्यासकांच्या मतें, पाण्याचीं यंत्रें करणारे, या दोघांच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्याची नोंद आहे. त्या रकमांच्या व्याजांतून आजारी भिक्षूंच्या औषधांची सोय व्हावयाची होती. तेल गाळणारा आणि द्रवाचें यंत्र जाणणारा हे दोन कारागीर एकाच दगडावर शेजारीं शेजारीं बसले आहेत. पुढें सतरा शतकांनीं या दोघांच्या विद्या ज्या एका लोखंडी पेटींत एकत्र नांदूं लागल्या, ती मोटारीची स्वयंचलित गिअरपेटी. ती गळूं लागली म्हणजे चूक कोठें आहे हें शोधणें किती अवघड जातें, आणि तें अवघड कां झालें, हाच येथें विषय आहे.

आधीं बैलगाडीकडे वळावें. गाडीच्या कण्यावर लांकडी तुंबा फिरे. त्या दोहोंच्या मध्यें एरंडीचें किंवा करंजाचें तेल आणि तें धरून ठेवावयास चिंधीचा बोळा असे. गाडीखालीं वंगणाचें नळकांडें लोंबत असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान कुणी उपसून चाक थोडें बाहेर ओढी, वंगण घाली आणि पुन्हां वाटेस लागे. कण्याच्या टोकाशीं काळें, दाट ओघळ साचत, धोतरास लागत, आणि घरीं त्याबद्दल बोलणेंही खावें लागे. परंतु ‘गाडी गळते’ अशी तक्रार कोणीं केली नाहीं. तेल जावयाचेंच, म्हणून तें नित्य घालावयाचें, असा तो व्यवहार होता. जेथें तेल कोंडलेलेंच नाहीं तेथें गळती हा दोषच संभवत नाहीं. गळतीचा जन्म कोंडण्यांतून झाला, आणि ही गोष्ट मोटारीच्या इतिहासांत बहुधा विसरली जाते.

मोटार आली ती तेल कोंडूनच. फ्रान्समधील पानार-लव्हासोर यांच्या १८९१ च्या गाडीपासून सरकत्या दातेरी चक्रांची गिअरपेटी रूढ झाली. ही चक्रें दाट तेलांत बुडून फिरतात. पेटींतून दांडा जेथें बाहेर येतो तेथें नमदा, दोरीचें पॅकिंग किंवा चामड्याची कडी बसवीत. चामडें सुकलें कीं आकसे, आणि तेल थेंबथेंब पडे. चालक खालीं पत्र्याचा डबा ठेवी आणि आठवड्यास पावशेर तेल वर ओती. गाडी चालत राही. या पेटींत तेलाचें काम केवळ घर्षण कमी करण्याचें, म्हणजे वंगणाचेंच होतें. अर्धें तेल गेलें तरी दांत दांतांत अडकत आणि चाक फिरे. आवाज वाढे, झीज होई, पण बिऱ्हाड घरीं पोंचे.

जुन्नर-आंबेगांवास ही सहनशील पेटी फार मानवली. पुणें-नाशिक रस्ता खेडचा घाट चढून मंचर, नारायणगांव, आळें असा उत्तरेस जातो आणि भीमा, घोड, मीना, कुकडी या नद्या एकामागून एक ओलांडतो. या दोन तालुक्यांतून लोहमार्ग कधींच गेला नाहीं; त्यामुळें मंचरचा बटाटा, ओतूरचा कांदा, पुढें नारायणगांवचा टोमॅटो, भीमाशंकरचा यात्रेकरू आणि पश्चिमेच्या डोंगरांतील महादेव कोळ्यांच्या वस्तीवरचा रोगी, या सर्वांचा भार रबरी चाकांवरच पडला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धांवली, आणि हळूहळू लाल गाडी आडगांवींही पोंचली. १९६९ नंतर पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यांतून बजाज टेंपोची ‘मॅटॅडोर’ व्हॅन बाहेर पडूं लागली; तीही हातानें गिअर बदलण्याचीच. अशा गाड्यांवर मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या शिकल्या. गळणाऱ्या पेटीविषयींचा त्यांचा अनुभव खरा होता. पण तो वंगणाचा अनुभव होता, हें लक्षांत ठेवावयास पाहिजे.

आतां दुसरी परंपरा. तिचा उगम समुद्रावर आहे. जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनची गति फार, आणि पाणी कापणाऱ्या पंख्यास हवी संथ गति. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं स्टेटिन येथील फुल्कान जहाजकारखान्यांतील अभियंता हेर्मान फोटिंगर यानें १९०५ मध्यें एका युक्तीचें पेटंट घेतलें. दोन पंखे समोरासमोर एका बंद डब्यांत ठेवावे आणि डबा द्रवानें भरावा. एक पंखा इंजिनानें फिरविला कीं तो द्रवास फेंकतो. फेंकलेला द्रव दुसऱ्या पंख्याच्या पात्यांवर आदळून त्यास फिरवितो. मध्यें लोखंडाचा लोखंडास स्पर्श नाहीं. १९३० मध्यें इंग्लंडांतील डेमलर कंपनीनें हें द्रवचक्र मोटारींत, ग्रहमालेसारख्या चक्रांच्या विल्सन-पेटीशीं जोडून आणलें. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ मध्यें ‘हायड्रा-मॅटिक’ जाहीर केली व १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत बसविली. या पेटींत गिअर बदलण्याचें कामही तेलाच्या दाबावर सोंपविलें होतें. महायुद्धांत तीच पेटी हलक्या रणगाड्यांत गेली, आणि युद्धानंतर परत आली ती विश्वासाचें प्रशस्तिपत्र घेऊनच.

येथें तेलाचा धर्मच बदलला. या पेटींत तेल वंगण तर आहेच. शिवाय तें शक्ति वाहून नेतें, क्लचच्या तबकड्या दाबून धरतें, आंतील उष्णता बाहेर नेतें आणि कोणता गिअर केव्हां पडावा हा निर्णयही नाजुक झडपांच्या वाटेनें अमलांत आणतें. पातळी थोडी उतरली कीं पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दबते, तेल दबत नाहीं. तबकड्यांवरील पकड ढिली पडते, त्या घसरतात, जळतात. गाडी चढावर इंजिनाचा मोठा आवाज करते आणि जागची हलत नाहीं. हातानें गिअर टाकण्याच्या पेटींतून शेरभर तेल गेल्यास जें होत नाहीं, तें येथें होतें. भीमाशंकरच्या वाटेवर डिंभ्याच्या पुढें, किंवा माळशेजच्या वळणांवर पावसांत, मुलेंमाणसें भरलेली व्हॅन उभी राहिली म्हणजे या फरकाची किंमत कळते.

या तेलाच्या घटनेंत एक विलक्षण पाहुणा होता. १९४९ मध्यें जनरल मोटर्सनें अशा पेट्यांसाठीं ‘टाइप ए’ नांवाचा तेलाचा पहिला दर्जा ठरविला. तबकड्या धक्का न देतां पकडाव्यात म्हणून त्या काळच्या तेलांत स्पर्म देवमाशाच्या तेलाचा अंश घालीत. १९७० नंतर अमेरिकेंत देवमाशांस कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि रसायनशास्त्रज्ञांस दुसरा पदार्थ शोधणें भाग पडलें. जुन्या तेल्यास ही बातमी सांगितली असती तर त्यानें कानावर हात ठेवले असते. या तेलास तांबडा रंगही मुद्दाम देण्यांत आला, तो इंजिनाच्या तेलापासून ओळखूं यावें म्हणून. गळती शोधणाऱ्यावर याहून मोठा उपकार कोणींच केलेला नाहीं.

कोंडण्याची कलाही याच काळांत पुढें गेली. चामडें व नमदा दाबाच्या गरम तेलापुढें टिकेनात. १९३० च्या दशकांत अमेरिकेंत निओप्रीन आणि जर्मनींत नायट्राइल जातीचें कृत्रिम रबर निघालें. तेलांत न विरघळणारें रबर हाताशीं आलें. डेन्मार्कहून अमेरिकेस गेलेला नील्स क्रिस्टेनसेन यास साध्या गोल रबरी कडीचें, ज्यास आज ‘ओ-रिंग’ म्हणतात तिचें, पेटंट १९३९ मध्यें मिळालें. हीं सर्व साधनें उत्तम; परंतु रबराचें आयुष्य लोखंडापेक्षां थोडें. उष्णतेनें तें कठीण होतें, त्याची धार झिजते, त्यास सूक्ष्म भेगा पडतात. म्हणून जुन्या व्हॅनमध्यें पेटी निरोगी आणि कड्या म्हाताऱ्या, असा संसार दिसतो.

हिंदुस्थानांत या पेट्या तुरळक आल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या जात. परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले आणि ज्या स्वयंचलित गाड्या देशांत होत्या त्या सुट्या भागांवांचून म्हाताऱ्या झाल्या. मग फार वर्षांनीं, २०१४ मध्यें मारुतीच्या ‘सेलेरिओ’नें स्वस्त स्वयंचलित गाडी मध्यम घरांत आणली, पण तिच्यांत साधीच दातेरी पेटी असून क्लच आणि गिअर यांचें काम यंत्राच्या हातानें होतें. द्रवचक्राच्या जुन्या पेटीचे नियम तिला लावूं नयेत. ही चूक आज सर्रास होते.

आतां अशी एखादी द्रवचक्राची जुनी व्हॅन मुंबईहून माळशेज चढून ओतुरास आली आणि रात्रभर अंगणांत उभी राहिली, असें समजा. सकाळीं खालीं वाडग्याएवढा डाग आहे. पहिला प्रश्न, हें आहे काय? कोरा पांढरा कागद टेकवून पाहावा. तांबडें किंवा गुलाबी, बोटांत सैल लागणारें तें गिअरपेटीचें. काळपट तपकिरी तें इंजिनाचें. हिरवट किंवा रंगीत, पाण्यासारखें, गोडसर वासाचें तें रेडिएटरचें. नुसतें स्वच्छ पाणी असेल तर तें वातानुकूलनाचें, आणि चिंतेचें कारण नाहीं. पण या परीक्षेंत दोन फसवे प्रसंग आहेत. पुष्कळ गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्यें हेंच तांबडें तेल असतें. तेथून निघालेला ओघळ खालीं येऊन पेटीच्या पोटावर लोंबतो आणि पेटी विनाकारण बदनाम होते. आणि फार जुनें, जळलेलें तेल तांबडें राहत नाहीं. तें तपकिरी होतें आणि करपल्यासारखें वासतें. तेव्हां रंगाइतकाच नाकावर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : थेंब जेथें पडला तेथून तेल निघालें काय? बहुतेक वेळां नाहीं. गाडी धांवत असतां वाऱ्याचा झोत तेलास मागें ढकलतो; वजन त्यास खालीं ओढतें; धूळ त्यास पसरविते. घाटाच्या लाल मातीनें माखलेल्या व्हॅनचें सारें पोट तेलकट दिसतें. पेटीच्या तळाशीं पत्र्याचें चेंबर असतें, तें सर्वांत खालीं. म्हणून सगळी गळती त्याच्या कडेवरूनच ठिबकते, आणि उतावीळ मिस्त्री चेंबरचे बोल्ट आवळीत सुटतो. पातळ पत्रा वांकतो, गॅस्केट चिरडतें, आणि नसलेली गळती खरोखरच निर्माण होते. बोल्ट बेतानें, सांगितलेल्या मापानेंच आवळावेत, हें कारखान्याच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण पुस्तक पाहण्यापेक्षां पाना फिरविण्यांत पुरुषार्थ वाटतो, हा धंद्याचा जुना रोग आहे.

खरी रीत कंटाळवाणी आहे. पेटी धुवून, पुसून कोरडी करावी. तेलाची पातळी आधीं नीट पाहावी. बहुतेक पेट्यांत ती गाडी सपाट जागीं, तेल तापलेलें आणि इंजिन चालू असतां, दांडा ‘पार्क’वर ठेवून पाहतात, कांहीं कंपन्यांच्या गाड्यांत मात्र रीत निराळी असते. उतारावर उभ्या गाडीची पट्टी खोटें बोलते. मग अंगावर पायावर लावावयाची साधी पावडर पेटीवर भुरकावी, थोडें अंतर गाडी चालवावी, आणि खालीं शिरून दिव्यानें पाहावें. जेथें पांढऱ्यावर पहिली ओली रेघ उमटली, तीहि सर्वांत वर आणि सर्वांत पुढें असलेली, तेंच उगमस्थान. चमकणारें द्रव्य तेलांत मिसळून जांभळ्या किरणांच्या दिव्यानें पाहण्याची नवी रीत हें याच पावडरीचें सुधारलेलें रूप आहे.

उगम सांपडला कीं वेळेचा विचार करावा. यांत जाणत्या फिटरचें कौशल्य दिसतें. इंजिन चालू असतांनाच गळत असेल तर दाबाच्या वाटा पाहाव्यात : रेडिएटरकडे तेल नेऊन परत आणणाऱ्या नळ्या, त्यांच्या चुड्या, रबरी जोड. दोन दिवस उभी राहिल्यावरच गळत असेल तर कारण निराळें. द्रवचक्राच्या डब्यांतील तेल इंजिन बंद असतां हळूहळू चेंबरमध्यें उतरतें, पातळी नेहमींपेक्षां वर चढते, आणि एरवीं कोरड्या राहणाऱ्या गिअर-दांड्याच्या कडीशीं किंवा तेल मोजण्याच्या नळीच्या मुळाशीं पोंचते. तेथली कडी कठीण झाली असेल तर तेथून तेल वाहतें. गाडी रोज चालविणाऱ्यास ही गळती दिसतच नाहीं. ती दिसते सुट्टीवरून परतल्यावर. घाट चढल्यानंतरच आणि वरून गळत असेल तर ब्रीदरची नळी पाहावी. तेल जास्त भरलें असेल तर तें तापून फेंसाळतें आणि श्वासाच्या वाटेनें बाहेर पडतें. येथें कांहींच फुटलेलें नसतें. कोणीं तरी काळजीपोटीं अर्धा शेर अधिक ओतलेलें असतें.

इंजिन आणि पेटी यांच्या सांध्यांतून, घंटेच्या आकाराच्या कवचाच्या तळाशीं तेल दिसलें तर मात्र सावध व्हावें. तेथें दोन आरोपी एकाच घरांत राहतात : इंजिनाच्या मागच्या बाजूचें सील आणि पेटीच्या पंपाचें पुढचें सील. पहिलें काळें तेल देतें, दुसरें तांबडें. निकाल चुकला तर पेटी उतरवावी लागते, आणि उतरवूनही रोग तसाच राहतो. शेपटाकडच्या दांड्याच्या सीलाची गोष्टही अशीच. आंतील धातूची बुशिंग झिजून दांडा हलूं लागला असेल तर नवें सील महिन्याभरांत जातें. सीलास दोष देणें सोपें, हलणाऱ्या दांड्यास हात लावून पाहणें तितकेंच सोपें, पण तें फारसें कोणी करीत नाहीं. गळती थांबविणाऱ्या औषधी तेलांविषयीं इतकेंच म्हणतां येईल कीं तीं रबरास फुगवितात. कठीण झालेल्या कडीस कांहीं दिवस बरें वाटतें, फाटलेल्या कडीस नाहीं.

रेडिएटरच्या पोटांत तेल थंड करणारी नळी असते, ती आंतल्या आंत कुजली तर जमिनीवर डाग पडत नाहीं. तेल आणि पाणी एकमेकांत शिरतात. पट्टीवर दुधाळ गुलाबी फेंस दिसतो. अशी गाडी पुढें हांकूं नये, कारण पाण्यानें तबकड्यांवरील अस्तर सुटतें आणि मग नुसती नळी बदलून भागत नाहीं.

जुन्नर तालुक्यांतच द्रवानें नव्हे पण दातेरी चक्रांनीं बळ वाहण्याचें एक भव्य उदाहरण उभें आहे. नारायणगांवजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं आणि सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडी वळवितांना दोन मोटारी एकमेकींस किंचित् विरोध करीत चालतात, म्हणजे दातांमधील मोकळीक नाहींशी होऊन दूरची तारका नेमकी धरतां येते. मोकळीक, झीज आणि तेल यांचा हिशेब वैज्ञानिकांसही चुकत नाहीं.

राहिली एक गळती, जी सर्वांत अधिक फसविते. फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या १९६० ते १९८० च्या दशकांतील पुष्कळ पेट्यांच्या अंगास पत्र्याची एक लहान डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर तिचें नांव. इंजिन किती ओढीत आहे हें ती पेटीस कळविते. तिच्यांतील रबरी पडद्याच्या एका बाजूस तेल आणि दुसऱ्या बाजूस इंजिनाच्या शोषणाची नळी. पडदा फाटला कीं इंजिन गिअरपेटीचें तेल पिऊं लागतें. अंगणांत डाग नाहीं, पेटी बाहेरून कोरडी ठणठणीत, पट्टीवरची पातळी मात्र दर दोनशें मैलांस उतरते; धुराड्यांतून पांढुरका धूर येतो आणि तो पाहून इंजिन जुनें झालें असा निर्णय होतो. खेडचा घाट चढतांना दुसरा गिअर उशिरा पडतो, तेव्हां पेटीही दोषी ठरते. मंचरच्या किंवा आणखी कोठल्या गॅरेजांत दोन्ही उतरविण्याची तयारी चालते, पैशांची जुळवाजुळव होते, घरांत कोणाचें तरी लग्न किंवा शस्त्रक्रिया पुढें ढकलली जाते. अशा वेळीं पान्याला हात घालण्यापूर्वीं ती बोटाएवढी रबरी नळी डबीवरून उपसावी आणि तिच्या तोंडाशीं कापसाचा बोळा धरावा. बोळा कोरडा निघाला तर शोध पुढें चालू ठेवावा. तांबडा निघाला तर नवी डबी आणावी, दहा मिनिटांत बसवावी, कमी झालेलें तेल भरावें आणि गाडी बाहेर काढावी.